मेयरची दाढ आणि गावची हद्द

सकाळी चहाला बसल्यावर लिअँडर पार्डीने गालावर हात ठेवला नाही, हे त्याच्या बायकोच्या, एफीच्या, लगेच लक्षात आलं. हिवाळ्यापासून त्याचा उजवा हात आणि उजवा गाल एकमेकांना चिकटलेलेच असायचे.

"दाढ दुखायची थांबली वाटतं?" तिने विचारलं.

"कधीच! झोपेतच बरी झाली बघ," लिअँडर म्हणाला आणि पावाचा तुकडा त्याने न चावता, डोळे मिटून गिळला.

लिअँडर हा गल कोव्हचा मेयर. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरचं हे कॉड मासळीवर जगणारं एवढंसं गाव. त्याची अक्कलदाढ हिरडीच्या आत आडवी झोपली होती, आणि असली दाढ काढणारा तज्ज्ञ गाठायचा म्हणजे आधी फेरीबोट, मग दिवसभर गाडी. अशा आडगावांसाठी परप्रांतातल्या तज्ज्ञांना तात्पुरता परवाना द्यायचं सरकारने ठरवलं, तेव्हा लिअँडरने भांडभांड भांडून आपल्या गावाचा नंबर लावला. खाडीपलीकडच्या बेक हार्बरनेही अर्ज केला होता. "त्यांचे दात शार्कसारखे आहेत हो! किडलेत ते आमचे!" असं त्याने अधिकाऱ्यांना ठणकावून सांगितलं. वर, परवाना फक्त गल कोव्हच्या हद्दीतच चालेल, अशी अटही घालून घेतली. शेजाऱ्यांचं आयतं फावायला नको!

कालच मॉन्ट्रियलहून डॉ. ओडेट आल्या. गावच्या हॉलमध्ये खुर्ची मांडली गेली. पहिला मान अर्थातच मेयरचा. त्या मानाची लिअँडरलाही हौस होती. पण काल डॉक्टरीणबाईंनी हत्यारांचा ट्रे उघडला आणि ती हौस जागच्या जागी फिटली.

"मी जरा जाळं बघून येतो," तो टोपी घालत म्हणाला.

"आत्ता? सगळं गाव हॉलपाशी जमलंय."

"हा गेलो आणि हा आलो."

त्याने होडी थेट पांढऱ्या खडकापलीकडे नेली. गावची हद्द तिथेच संपत होती. इंजिन बंद करून तो पाय पसरून बसला. डॉक्टरीणबाई थोड्याच दिवसांच्या पाहुण्या. तेवढे दिवस समुद्रावर खूप कामं निघतील, असा त्याचा हिशोब होता.

पण थोड्याच वेळात फटफट आवाज करत दुसरी होडी आली. सुकाणूवर एफी आणि पुढ्यात लाइफजॅकेट घातलेल्या डॉ. ओडेट.

"लिअँडर! लाज वाटत नाही? लोक खोळंबलेत!"

"मी हद्दीबाहेर आहे!" लिअँडर उभा राहून ओरडला. "डॉक्टरीणबाई, इथं माझ्या दाढेला हात लावाल तर तुमचा परवाना जाईल. मला तुमचीच काळजी वाटते हो!"

"खरंय त्यांचं," डॉ. ओडेट शांतपणे म्हणाल्या. "इथं मला त्यांच्या तोंडात डोकावताही येणार नाही."

"दोर बांधायला परवाना लागतो का?" एफीने विचारलं.

"त्याबद्दल काही म्हटलेलं नाही."

लिअँडर इंजिनाची दोरी ओढत राहिला, पण इंजिन ऐन वेळी एफीला फितूर झालं. तिने त्याच्या होडीला दोर अडकवला आणि गावच्या मेयरला ओढत परत आणलं. पांढरा खडक मागे पडताच डॉ. ओडेट मागे वळून गोड आवाजात म्हणाल्या, "हं, आता आ करा."

हॉलमध्ये सुई नुसती दिसली आणि लिअँडरने जी बोंब ठोकली, ती फळ्यांच्या भिंतीतून बाहेरच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचली. त्यानंतर मात्र त्याला काहीच कळलं नाही. "झालं," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेव्हा तो अजून सुरुवातीचीच वाट बघत होता.

अर्धं तोंड बधिर आणि छाती फुगलेली, अशा थाटात तो विजयी वीरासारखा बाहेर आला. अंगणात चिटपाखरू नव्हतं. धक्क्यावर एक होडी उरली नव्हती. ती बोंब ऐकून सगळी रांग हद्द ओलांडून बेक हार्बरच्या धक्क्याला लागली होती.

आणि तिकडून होड्यांचा दुसरा ताफा येत होता. सर्वांत पुढे बेक हार्बरचे मेयर अल्फॉन्स हिस्कॉक, गालाला मफलर गुंडाळून.

"तुमची माणसं सांगत होती, खुर्ची मोकळी आहे म्हणून," ते उतरत म्हणाले. "म्हटलं, वाया कशाला घालवा?"

लिअँडरने घाईने डॉ. ओडेटकडे पाहून हातवारे केले.

"काम गावच्या हद्दीत झालं म्हणजे झालं," त्या म्हणाल्या. "दात कुठल्या गावचे, ते परवान्यात विचारलेलं नाही. या, कोण पहिलं?"

"निवा इवून! अववे निवा!" लिअँडर बधिर जिभेने जीव तोडून ओरडला.

"काय म्हणतायत?" हिस्कॉकनी एफीला विचारलं.

एफीने नवऱ्याकडे पाहिलं. रागाने लाल झालेला अर्धा चेहरा आणि निवांत झोपलेला अर्धा.

"म्हणतायत, आलात, बरं वाटलं. चहा घेतल्याशिवाय कुणी जायचं नाही."

लिअँडरने पाय आपटून आणखी मोठ्याने काहीतरी सुनावलं.

"आणि केकही," एफी म्हणाली.

हिस्कॉकना भरून आलं. त्यांनी लिअँडरचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडलाच नाही.