महाशर्यतीतल्या वाकण्याचा इतिहास

महान परंपरेचा अर्थ तिच्याकडे न पाहताच नीट कळतो. पाहिलं की कळते ती नुसती हकीगत. हे सूत्र ज्यांनी आयुष्यभर निष्ठेने पाळलं, त्या सरांची ही गोष्ट आहे.

सर कॉलेजात इतिहास शिकवत आणि सगळं शहर त्यांना 'शर्यतमहर्षी' म्हणे. दर वर्षी होणाऱ्या घोड्यांच्या महाशर्यतीचा इतिहास आणि सांस्कृतिक अर्थ या विषयात त्यांचा शब्द अखेरचा होता. (सरांना घोड्यांची भीती वाटते. पण संशोधकाने विषयापासून अंतर राखावं, असंच ते मानतात.)

इतिहास असा. पहिल्या महाशर्यतीत घोडे शेवटच्या वळणावर आले आणि नेमका तेव्हाच अध्यक्षांचा चष्मा पडला. ते शोधायला वाकले. शेजारच्यांना वाटलं, घोड्यांना वंदन करायची पद्धत असावी, तेही वाकले. मागच्यांनी पुढच्यांचं पाहिलं. चष्मा सापडेपर्यंत शर्यत संपली होती आणि परंपरा सुरू झाली होती. तेव्हापासून शेवटच्या वळणावर घंटा झाली की सगळं मैदान कमरेतून वाकतं आणि दुसरी घंटा होईपर्यंत जमिनीकडे पाहतं. मग विजेता जाहीर होतो. टाळ्या इतक्या पडतात की त्याचं नाव ऐकू येत नाही.

चष्म्याची हकीगत सरांनी आपल्या जाडजूड ग्रंथात तळटीप म्हणून दिली, म्हणजे ती कुणी वाचणार नाही. मुख्य मजकुरात, हे वाकणं म्हणजे माणसाने वेगापुढे पत्करलेली नम्रता होय, असा सिद्धांत मांडला. दुसऱ्या आवृत्तीत तेच वाकणं स्पर्धेचा निषेध ठरलं. दोन्ही आवृत्त्यांना बक्षिसं मिळाली. शर्यत मंडळाच्या पाहणीत जवळजवळ सर्व प्रेक्षकांनी शर्यतीचा शेवट 'डोळ्यांचं पारणं फेडणारा' असल्याचं नोंदवलं आहे. (जॉकींनी मत दिलं नाही.)

यंदा मंडळ सरांना 'आजीव इतिहासकार' करणार होतं. हा मान मिळाला की पहिल्या रांगेत, शेवटच्या रेषेला लागून, कायमची खुर्ची. सरांचा सगळा जीव त्या खुर्चीत अडकला होता, हे स्वच्छ सांगितलेलं बरं. अट एकच होती: शर्यत संपताच माइकवरून शेवटच्या क्षणाचं वर्णन करायचं.

त्या दिवशी सकाळी नवे बूट घालायला सर वाकले आणि त्यांची कंबर धरली.

"हलू नका, मी घालते," त्यांची बायको म्हणाली. "तिथे वाकता यायचं नाही तुम्हाला. घरी थांबता का?"

"आज? मेलो तरी जाईन."

"मेल्यावर तर वाकायलाच नको," ती नाडी बांधत म्हणाली.

दोघं पहिल्या रांगेत जाऊन बसली. शर्यत सुटली, घंटा झाली, मैदान वाकलं. सरांनीही प्रयत्न केला, कळ थेट मस्तकात गेली आणि ते ताठच्या ताठ उभे राहिले. आयुष्यात प्रथमच त्यांना महाशर्यतीचा शेवट दिसला.

घोडे चालत येत होते. एक कुंपणापाशी गवत खात थांबला होता. दोन जॉकी घराला रंग कोणता द्यावा यावर बोलत होते. रेषेजवळ येऊन सगळे थांबले.

"यंदा कुणाची पाळी?" एकाने विचारलं.

"तुझीच. माझी मागच्या वर्षी झाली."

"मला नको रे, मग भाषणं ऐकत बसावं लागतं."

तेवढ्यात त्याला सर दिसले. "सर, तुम्ही वाकला नाहीत?"

"कंबर धरलीय."

"अरेरे. शेकून घ्या." जरा थांबून त्याने विचारलं, "काही दिसलं का?"

सरांना दोन्ही आवृत्त्या आठवल्या, बक्षिसं आठवली. स्वतःची मनापासून लाज वाटली. पण खुर्ची अगदी पाठीशी होती.

"धूळ," सर म्हणाले.

"धूळ फार असते," असं म्हणून जॉकीने टाच मारली. शेवटची चार पावलं घोडे जिवाच्या आकांताने धावले आणि दुसरी घंटा झाली.

मग सरांनी काय वर्णन केलं! फेसाळलेली तोंडं, खांद्याला खांदा, केसाच्या अंतराने विजय. ऐकणाऱ्यांनी डोळे पुसले. खुर्ची मिळाली. सर तीत जपून टेकले, तेव्हा बायको कानाशी येऊन म्हणाली, "छान बोललात. तेवढा तो गवत खाणारा राहिला."

सर गार पडले. "तू पाहिलंस?"

"लग्न झाल्यापासून बघतेय. डोकं खाली, डोळे वर. सगळेच बघतात हो."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"पहिलं पुस्तक निघालं तेव्हा सांगणार होते. पण तुम्ही इतके खुशीत होतात."

सरांनी तिसरी आवृत्ती लिहायला घेतली आहे. तीत वाकणं हे समाजाच्या परस्पर विश्वासाचं प्रतीक ठरेल.

त्यांना लबाड म्हणायचा वाचकांना पूर्ण हक्क आहे. शर्यतीचा इतिहास, तिचा अर्थ, सगळं तुम्ही मन लावून वाचलंत. तर आता एवढंच सांगा, यंदा जिंकला कोण? तुम्ही म्हणाल, ते गोष्टीत आलंच नाही. नाही आलं. पण तुम्हीही विचारलं नाहीत. मान खाली घालून वाचत होतात.