जांभळीखालचा सुविचार

एका जंगलात एक फळा होता.

जंगलात फळा कुठून आला, असं तुम्ही विचारणार. सरळ गोष्ट ऐकायची तुम्हाला सवयच नाही, मुलांनो. तर तो पोपटपंतांनी आणवला. पोपटपंत लहानपणी चार वर्षं एका मुख्याध्यापकांच्या पडवीत पिंजऱ्यात होते. सुटून आले तेव्हा पेरू कसा शोधायचा हे ते विसरले होते, पण परिपाठ सगळा तोंडपाठ होता. त्यांनी माकडांकरवी एका बंद पडलेल्या शाळेतला फळा वडाला टांगून घेतला.

फळ्यावर तीन चौकटी होत्या. आजचा शब्द, आजचा सुविचार आणि आजचा दिनविशेष. सूर्य उगवला की सगळ्यांनी वडाखाली रांगेत उभं राहायचं, तिन्ही वाचायचं, वहीत उतरवून घ्यायचं आणि मगच चरायला जायचं. या वेळेत ओरडायला मनाई होती.

शब्द दिवसभरात तीनदा वापरायचा असा नियम होता. एकदा 'किंकर्तव्यमूढ' आला. अस्वल सूर्य बुडेपर्यंत ते विसरलं. मग त्यानं घाईघाईनं पोळ्याला, वारुळाला आणि स्वतःच्या सासऱ्याला किंकर्तव्यमूढ म्हणून घेतलं. सासरा सोडून कोणाला राग आला नाही.

सुविचारांची मात्र पंचाईत होती. त्या जंगलात आजवर कोणी थोर असं काही बोललंच नव्हतं. तेव्हा पोपटपंत स्वतःच सुविचार रचत आणि खाली एखाद्या मेलेल्या जनावराचं नाव टाकत. मेलेलं जनावर तक्रार घेऊन येत नाही. 'संयम हेच खरं शिंग' हा सुविचार एका गव्याच्या नावावर होता. तो गवा आपल्याच कळपातल्या दोघांना शिंगावर घेता घेता कड्यावरून पडला होता.

दिनविशेष त्याहून सोपा. आपला जन्म कधीचा, हे जनावरांना ठाऊक नसतं. पोपटपंत देतील तो दिवस. एका मंगळवारी आद्य मुंगीची जयंती झाली. त्या दिवशी हत्तीसुद्धा खाली बघून चालला. बुधवारी पुन्हा पहिल्यासारखा चालला.

या सगळ्यात सर्वांत मन लावून लिहिणारे होते भेकरतात्या. भेकर म्हणजे भुंकणारं हरीण. संकटाची चाहूल लागली की ते भुंकतं आणि बाकीचे जीव घेऊन पळतात. तात्यांनी तरुणपणी भुंकून भुंकून निम्मं जंगल वाचवलं होतं. त्याबद्दल त्यांना कधी कोणी दोन शब्द चांगले बोललं नाही. आता तीन वह्या भरल्यावर मात्र सगळे त्यांना विद्वान म्हणू लागले. तेव्हापासून तात्यांनी भुंकणं सोडलं. ते त्यांना अडाणीपणाचं वाटू लागलं.

पाणवठ्यावरच्या जांभळीजवळ एक टिटवी राहत होती. तात्या रोज दुपारी त्या जांभळीखाली पाणी प्यायला येत आणि तिला सुविचार वाचून दाखवत. तिला त्यातलं फारसं कळत नसे, पण तात्या येतात याचंच तिला बरं वाटे. दुसरं कोणी तिच्याशी बोलायचं नाही.

एके दिवशी पहाटे टिटवीनं जांभळीखाली मगर पाहिली. नवी होती, मोठी होती आणि चिखलात अंग बुडवून नुसती बसली होती. टिटवी ओरडत वडाकडे धावली. तिथे वाचन चाललं होतं. सगळ्यांनी तिला गप्प केलं. पोपटपंत म्हणाले की सूचना असेल तर फळ्यावर येईल, पण तीन चौकटींतच बसायला हवी.

टिटवीनं 'मगर' हा शब्द सुचवला. पंतांच्या मते तो फारच सोपा होता. मग दिनविशेषात घ्या, असं ती म्हणाली. पंतांनी मगरीची जन्मतारीख विचारली. ती कुठून आणणार? राहिला सुविचार. त्याला थोर आणि मेलेला वक्ता लागतो. टिटवीला तिच्या शेजारचं कासव आठवलं. ते गेल्या उन्हाळ्यात गेलं होतं आणि जन्मात कोणाला वावगं बोललं नव्हतं. पंत म्हणाले, चालेल, उद्याच्या फळ्यावर घेऊ. तो सबंध दिवस टिटवी जांभळीखाली पहारा देत राहिली आणि येईल त्याला चोच मारून हाकलत राहिली. तात्यांनाही मारली. तात्या रुसून तहानलेलेच परत गेले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर ठळक अक्षरांत आलं : 'जांभळीखाली मगर आहे. तिकडे जाऊ नये.' – थोर विचारवंत कै. कासव.

पंतांनी ते मोठ्यानं वाचलं, तेव्हा टिटवीनं सुटकेचा निःश्वास टाकला. वडाखाली सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मग सांबर हळूच म्हणालं, "काय खोल आहे हो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. रानडुकराच्या डोळ्यांत पाणी आलं. साळिंदराचं म्हणणं पडलं की जांभळी म्हणजे हा संसार. सशाला वाटलं, जांभळी म्हणजे मोह. वाद वाढला, तेव्हा सगळे तात्यांकडे वळले. तात्यांनी वही मिटली आणि डोळेही मिटले.

"मगर म्हणजे आळस," ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. टिटवी गर्दीतून पुढे आली.

"तात्या, मगर म्हणजे मगर," ती म्हणाली. "जांभळीखाली बसलीय. मी बघितलीय."

तात्या हसले. त्यांना तिची कीव आली.

"तुम्ही शब्दाला धरून बसता, टिटवीबाई. आशय बघायला शिका."

आणि कालपासूनची तहान घेऊन ते निघाले. टिटवी सगळी वाट त्यांच्या डोक्यावर ओरडत राहिली. तिनं चोची मारल्या, पंख आपटले. ती रडलीसुद्धा, आणि टिटवी रडली तरी ती ओरडतेय असंच वाटतं. तात्यांनी जांभळीखाली पाण्यात तोंड घातलं. चिखल हलला. शेवटच्या क्षणी तात्या भुंकले. फार छान, खणखणीत भुंकले. पण सगळे वडाखाली वहीत 'मगर म्हणजे आळस' उतरवून घेत होते. ओरडायला मनाई होती, म्हणून कोणी वर पाहिलं नाही.

मला त्या टिटवीचं फार वाईट वाटतं, मुलांनो. पाण्यावर तरंगणारी वही तिनं काठावर ओढून आणली. उघडून पाहिली. तिला वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळा नेहमीसारखा लिहिलेला होता. आजचा शब्द : आशय. आजचा दिनविशेष : भेकरतात्यांचा स्मृतिदिन. आजचा सुविचार : 'मगर म्हणजे आळस.' – थोर विचारवंत कै. भेकरतात्या.

सगळे आळस झटकून तात्यांना आदरांजली वाहायला रांगेनं जांभळीकडे निघाले.

तात्पर्य : रोज सकाळी एक सुविचार न चुकता वाचावा. कोणा ना कोणाचं पोट त्यानं नक्की भरतं.