मानांग पुरिंग यांची बिनतारी मोहीम

स्वस्तिश्री. पूर्व समुद्रातील गिमारास बेटावरील मौजे सान्ता फेलिसा येथील दोन बुजुर्ग कॉम्प्युटर बिनतारी जाळ्यास कैसे जोडिले, त्याची हकीकत श्रोत्यांनी सावधचित्त होऊन ऐकावी; मध्येच उठून माडी पिण्यास जाऊ नये.

खाशा मानांग पुरिंग माग्बानुवा, गावच्या थोरल्या ताईसाहेब, तांदळाचे गोड केक भाजण्यात नामांकित. त्यांची एकुलती कन्या ग्लोरिबेल आयर्लंड मुलखी नर्सचे चाकरीस होती. तिचे लग्न तेथेच ठरले आणि मातुश्रींस व्हिसा मिळेना, मग मातुश्रींनी फर्मान सोडिले की लग्न येथूनच पाहू आणि सारे गाव पाहील. फोनचे टिचभर पडद्यावर गावची डोकी मावेनात, सबब पंचायतघरातील, पाठीस पोक आलेल्या पडद्यांचे, दोन कॉम्प्युटर कामगिरीवर नामजद जाहले.

परंतु वायफायचे ठाणे पटांगणापलीकडे, गावचे मुख्य कप्तान रोगासियानो यांचे घरी. पूर्वी तेथून तार ओढिली होती, ती बकऱ्यांनी चावून फस्त केली. मग कप्तानसाहेबांनी शहरातून दोन नवे डोंगल आणविले आणि मोठ्या दिमाखाने खोविले, तो यंत्रांनी ओळखच दिली नाही. डोंगल नव्या अमदानीचे, यंत्रांची प्रणाली बाबा आदमच्या जमान्यातील. कप्तानांनी यंत्रे बंद करून चालू केली, आणि चालू करून बंद केली, आणि कानफटात दिली, आणि संत अंतोनिओस मेणबत्ती बोलिली. परंतु शिकस्तच जाहली. लग्न तो दुसरे दिवशी संध्याकाळी.

तेव्हां मसलतीत निघाले की या यंत्रांशी जुळणारी, त्यांच्याच वयाची वायफाय कार्डे मुलखात एकाच जागी असतील: मानोंग, म्हणजे दादासाहेब, पिदिओ पाल्मारेस यांचे बंद पडलेल्या इंटरनेट दुकानात. नाव ऐकताच मानांगांची मुद्रा काळवंडली. जत्रेतील गायनस्पर्धेत त्या परीक्षक असतां त्यांनी पिदिओस भर कडव्यात खाली उतरविले होते. तेव्हांपासून उभयतांत बोलाचाल बंद. परंतु लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे आला, मग मानांगांनी अभिमान गिळिला आणि टोपलीत केक घेऊन जातीनिशी कूच केले.

पिदिओ दारातच उभे. “कोण, परीक्षकबाई? आज कुणाचं गाणं बंद पाडायला आलात?”

“टोमणे नंतर मार रे. जुनी कार्डं दे. पोरीचं लग्न आहे.”

“देतो की. पण लग्नात मी गाणार. आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं.”

“आख्खं गाणं?”

“सगळ्या कडव्यांसकट, मानांग.”

मानांगांनी आभाळाकडे पाहिले आणि तह मंजूर केला.

मग पिदिओंनी पंचायतघरी येऊन यंत्रांची पोटे उघडिली. आंतून झुरळांची फौज निघाली, तिजला बायकांनी सपातांनी कापून काढिले. मग कार्डे जागचे जागी बसविली, आणि त्यांजसोबतची जुनी सीडी चढविली, आणि दुकानातील कॅमेरे पडद्यांचे माथी बसविले, आणि दोन्ही पडद्यांचे कोपऱ्यात वायफायच्या हिरव्या पट्ट्या उभ्या राहिल्या. ऐसा गलबला जाहला की भाजण्यास बांधिलेले डुक्कर दोर तोडून निसटले.

दुसरे दिवशी सारे गाव लोटले. नवरदेव चर्चमध्ये यावयाचे होते, तेवढ्यात पिदिओंनी तहाची वसुली केली. सूर एका दिशेस, पिदिओ दुसऱ्या. पडद्यातील आयर्लंडचे वऱ्हाडी हा काही धर्मविधी असावा समजून उठून उभे राहिले. मानांग शेवटच्या कडव्यापर्यंत जागच्या हलल्या नाहीत. टाळीही त्यांनीच पहिली दिली, आणि पिदिओंनी तोंड फिरवून नाक शिंकरिले.

लग्न लागले. मग नवरी झगा सावरीत कॅमेऱ्यापाशी आली. वडीलधाऱ्यांचा हात कपाळी लावून आशीर्वाद घ्यावा हा बेटाचा शिरस्ता. परंतु मध्ये सात समुद्र. पोरीने कपाळ पुढे केले.

“नानाय,” तिने आईस हाक दिली, “हात दे ना गं.”

मानांग उठल्या. पालथा हात त्यांनी पडद्याच्या काचेस टेकविला. जुनाट काच ती, चर्रकन वीज खेळली आणि हातावरील लव उभी राहिली.

“लागला गं,” मानांग म्हणाल्या, “तुझं कपाळ लागलं.”

येणेंप्रमाणे बिनतारी मुलूख सर जाहला, मानांग पुरिंग फत्ते पावल्या. डुक्कर मात्र अद्याप हाती लागले नाही. कळावे.