दगडाचं गाव

आमचे शेजारी म्हात्रेकाका नव्या माणसाला नाव विचारत नाहीत. त्याच्या अंगठीतल्या खड्याकडे बघून विचारतात, "ह्याचं गाव कोनतं?"

काका रबाळ्याच्या एका प्रयोगशाळेत आहेत. तिथे दगडावर लेझर मारला की त्याचा कणभर भाग पेटून चमकतो. त्या उजेडावरून दगडात काय काय आहे ते कळतं आणि ठिकठिकाणच्या नमुन्यांशी ताडून पाहिलं की तो कुठला तेही.

माझ्या सासूबाईंनी ज्योतिषाच्या सांगण्यावरून ब्रह्मदेशचं म्हणून माणिक घेतलं होतं. काकांनी ते तपासून आणलं आणि भर जिन्यात जाहीर केलं, "आजी, आफ्रिकेचं हाय. पन खरं हाय, टेन्शन नको." सासूबाईंनी त्यांच्याशी अबोला धरला. मग गुपचूप पुष्कराजही पाठवून दिला.

नेरूळमध्ये कुठेही बांधकाम निघालं की काकांची पिशवी जड होते. वर कोथिंबीर, खाली खडी. घरी ते आणि त्यांची म्हातारी आई, दोघंच. गाव सुटल्यापासून आई सहसा फ्लॅटबाहेर पडत नाही. तिला करमत नाही म्हणून काकांचा जीव तुटतो, हे आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक.

परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये बागेतले काळे दगड काढून टाइल्स बसवायचं ठरलं. एरवी मीटिंगमध्ये डुलक्या काढणारे काका ताडकन उठले.

"बाकीचे काढा. गेटजवळचा मोठा तेवढा राहू द्या."

"का हो, कोहिनूर आहे की काय?" चेअरमन म्हणाले. आम्ही हसलो.

"आमच्या डोंगराचा हाय."

विमानतळासाठी त्यांचं गाव उठलं आणि गावामागचा डोंगर फुटून कुठे कुठे गेला. घराच्या पायरीचा दगड त्याच डोंगराचा. तिचा एक तुकडा काकांनी जपून ठेवला होता आणि इतकी वर्षं दिसेल तो दगड ते त्याच्याशी ताडून बघत होते. "आन सापडला कुटं, तर जिथं मी रोज स्कूटर टेकवून लावतो तिथं!"

"पण नक्की तोच?" मी विचारलं.

"लेझर बोलतो, बहुतेक. नक्की ते आये सांगेल."

संध्याकाळी ते आईला हाताला धरून खाली घेऊन आले. तिने दगडावरून तळवा फिरवला, बराच वेळ. काका बाजूला उभे. मग म्हातारी सावकाश दगडावर टेकली, पाय पसरले आणि शेजारची जागा थोपटून म्हणाली,

"घरी आलास ना? मंग उबा कशाला? बस."