हिराकाकीचा पेंटबॉल

आमच्या हिराकाकीच्या कणगीत भात कमी आणि गोळ्या जास्त आहेत. दचकू नका, रंगाच्या गोळ्या आहेत. पेंटबॉलच्या. बोराएवढ्या असतात, बंदुकीतून सुटून अंगावर फुटल्या की हिरवा नाहीतर भगवा डाग पडतो. काकी त्यांच्या पिशव्या कणगीतल्या भातात पुरून ठेवते आणि रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी एकेक पिशवी काढून उलटी करते. खुडूक कोंबडी अंडी फिरवते ना, तशी. दमट हवेत गोळी फुगते, एका कुशीवर पडून राहिली तर चपटी होते, आणि चपटी गोळी कधी सरळ जात नाही. हे मला कंपनीच्या माणसाने तासभर समजावलं होतं आणि मी ते विसरलो होतो. काकीला कुणीच सांगितलं नव्हतं. "भात ओल ओढतो, येवढं कळायला कंपनी कशाला लागते रे?" असं ती म्हणाली आणि विषय संपला.

मुरबाडहून धसईकडे येताना डाव्या हाताला आमचा एक खडकाळ माळ आहे. भाताच्या काही कामाचा नाही. चार वर्षांपूर्वी मी तिथे पेंटबॉलचं मैदान काढलं तेव्हा अख्ख्या गावाने मला वेड्यात काढलं. पेंढ्याच्या गंज्या, रिकामे ड्रम, जुने टायर असा आडोसा मांडला आणि कल्याण-डोंबिवलीची मंडळी शनिवार-रविवारी यायला लागली. काकी माझी सख्खी चुलती, माझ्या दारासमोर तिचं दार. मी तिला रंगलेल्या जर्स्या धुवायला बोलावलं होतं. तिसऱ्या दिवशी ती हात पुसत मैदानाच्या कडेला येऊन बसली, एक अख्खा गेम बघितला आणि मला म्हणाली, "संज्या, ही सगळी उभी राहून का मरतात रे?"

पुढच्या रविवारी शिट्टी तिच्या गळ्यात होती. मी दिली नव्हती. तिने खुंटीवरून घेतली.

तेव्हापासून नवख्यांना शिकवायचं काम तिचं. वय बासष्ट, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्याला टॉवेल. लोकांना वाटतं चहा द्यायला आली. मग ती बोलायला लागते. उभ्या माणसाला ती बुजगावणं म्हणते, मग तो कुठल्या कंपनीचा साहेब का असेना. "ओ बुजगावणं, वाका. आवणीला वाकतात तसं वाका." आवणी म्हणजे आमच्याकडे भाताची लावणी. पाहुण्यांना ती कुठून ठाऊक असणार? मग काकी स्वतः वाकून दाखवते आणि तशीच वाकलेली अर्धा तास शिकवते. जिममध्ये जाणारी पोरं दहा मिनिटांत कंबर धरून बसतात. मला त्या वेळी जो आनंद होतो तो मी लपवत नाही.

एका आडोशाला चिकटून बसणाऱ्यांवर तिचा फार राग. "एकदा उजवीकडनं डोकावलास ना, मग परत उजवीकडनं कशाला मरायला जातोस? तो तिकडंच नेम धरून बसलाय." घोडा दाबून धरणाऱ्यांवर त्याहून जास्त. "दोन सोड, थांब, बघ. पाखरं हाकलतोयस काय?" आणि मास्कच्या बाबतीत तर ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. प्रत्येकाचा पट्टा स्वतः ओढून बघते. एकदा एका बँकेच्या मॅनेजरने काचेवर वाफ धरली म्हणून मैदानातच मास्क वर केला. काकी गोळ्यांच्या मधून तरातरा गेली, त्याचा मास्क खाली ओढला आणि दंडाला धरून बाहेर घेऊन आली. "रंग साबणानं जातो. डोळा गेला तर कुठनं आणू?" मला वाटलं आता तक्रार येणार. तो माणूस दरवर्षी येतो आणि फोनवर मला नाही, काकीला विचारतो.

पण तिचा खरा कायदा एकच. गोळी लागली की हात वर करायचा आणि बाहेर यायचं. कुणी बघितलं नसलं तरी. डाग पुसून खेळत राहिलेला माणूस तिला दिसला, की तो आमच्या माळावर परत पाय ठेवत नाही. दोन ग्रुप तिने असे कायमचे घालवलेत. मी एकदा म्हटलं, काकी, खेळच तर आहे. ती म्हणाली, "म्हणून तर. खेळात लपवतो तो बाकी काय ठेवणार?"

हे ती कुणामुळे बोलते ते मला माहीत होतं. तिचा एकुलता एक मुलगा नितीन भिवंडीला गोदामात सुपरवायझर आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने कोर्टात लग्न केलं आणि आईला सांगितलं नाही. महिन्याने तिला ते मुरबाडच्या स्टँडवर जीपवाल्याकडून कळलं. पोरगी कोण, कुठली, हे काकीने विचारलंच नाही. नितीन घरी आला तेव्हा एवढंच म्हणाली, "माझ्यापासून लपवलंस," आणि दार लावून घेतलं. त्यानंतर तो आला नाही, तिने बोलावलं नाही. दोघं सारखेच हट्टी, आणि दोघांच्या मध्ये फोनवर हेलपाटे मारायला मी.

यंदा थंडीत नितीनचा फोन आला. त्याच्या गोदामाची वीस माणसं खेळायला येणार होती, त्यात तो आणि त्याची बायको सुप्रिया. "आईला सांगू नको. मास्क असतोच तोंडावर. लांबनं बघीन आणि जाईन." मी हो म्हटलं. काकीने ओळखलं असतं तर वीस जणांसमोर त्याला घालवून दिलं असतं, आणि मग तो जन्मात आला नसता. नसतं ओळखलं, तर आला तसा परत गेला असता. दोन्हीकडून माझाच जीव टांगणीला.

नितीन मास्क लावूनच गाडीतून उतरला. मी घाईघाईने त्याला अकरा नंबरची जर्सी दिली आणि त्याचा पट्टा मीच तपासला. सुप्रियाला काकीने कधी बघितलंच नव्हतं. ती सगळ्यात मागे, बंदूक दुसऱ्याचं तान्हं मूल धरावं तशी धरून उभी होती. काकी नेमकी तिच्याकडे गेली.

"घाबरलीस काय गो?"

"थोडी."

"बरं हाय. न घाबरणारी पहिली बाद होतात. आवणी केलीयस कधी?"

"नाही काकी. कल्याणला वाढले मी."

"मग धुणं धुतेस तशी उकिडवी बस. हां, असं. कोपर आत घे, नायतर तेवढंच दिसतं. आणि जाग्यावरनं उठायच्या आधी कुठं जायचं ते ठरव. पळताना विचार करायचा नाय."

सुप्रिया मान डोलवत होती. काकीने तिचा पट्टा दोनदा ओढून बघितला. मी लांबून बघत होतो.

गेम सुरू झाला. नितीन समोरच्या टीममध्ये होता. सुप्रिया पेंढ्याच्या गंजीमागे बराच वेळ नुसती बसून राहिली, मग एकदा डावीकडून डोकावली, पुढच्या वेळी उजवीकडून आणि दोनच गोळ्या सोडल्या. एक अकरा नंबरच्या खांद्यामागे फुटली. हिरवा डाग मला इथून दिसला. अकरा नंबरने इकडेतिकडे बघितलं, काकीची पाठ होती. त्याने बाहीने खांदा पुसला आणि ड्रममागे वाकला.

"काकी," सुप्रिया जागेवरूनच ओरडली, "अकरा नंबरनं पुसलं."

शिट्टी वाजली. सगळे जागच्या जागी थांबले. काकी अकरा नंबरकडे गेली, त्याला खांद्याला धरून फिरवलं, पसरलेला हिरवा रंग बघितला आणि त्याला जाळीपलीकडच्या मांडवात घेऊन गेली. बाद झालेले तिथे बसतात, तिथे मास्क काढला तर चालतो.

"काढ मास्क. परत माझ्या माळावर येणार नाय ते तोंड नीट बघून ठेवते."

तो काढेना. मी धावत मांडवापर्यंत पोचलो. काकी पुन्हा म्हणाली, "काढ." त्याने काढला.

काकीने त्याच्या हातातून मास्क काढून घेतला. मग म्हणाली, "परत लपवलंस."

"चुकलं आई."

"आज कळलं काय?"

"दोन वर्षं झाली कळून. यायला तोंड नव्हतं."

सुप्रियाही मांडवात आली होती. मास्क हातात, गुडघे मातीने भरलेले. काकीने तिच्याकडे बोट केलं. "हिनं पकडलं तुला. कुणाची पोरगी ही?"

नितीन खाली बघून म्हणाला, "माझी बायको."

काकीने सुप्रियाला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "नवरा आहे माहीत होतं, तरी सांगितलंस?"

"त्यानं पुसलं ना," सुप्रिया म्हणाली. एवढंच. तिने हे ठरवून केलं की तोंडातून निघून गेलं, मी अजून विचारलेलं नाही.

काकी नितीनकडे वळली. "बायको चांगली केलीस," ती म्हणाली. "आता गप बस. गेम संपेपर्यंत मांडवात बोलायचं नाय." आणि शिट्टी वाजवत मैदानात परत गेली. उरलेल्या गेममध्ये तिने आणखी दोघांना पुसताना धरलं. मी तालुक्यात कुणालाही छाती ठोकून सांगेन, असा पंच तुम्हाला कुठे मिळायचा नाही. पोटचा पोरगा दोन वर्षांनी समोर बसलाय, आणि बाईची नजर खेळावरून हलली नाही.

संध्याकाळी गोदामाची मंडळी गाडीत बसून गेली. नितीन आणि सुप्रिया थांबले. काकीने त्यांना थांबा म्हटलं नव्हतं, फक्त सुप्रियाच्या हातात पाण्याची कळशी दिली होती. मी जर्स्या मोजत होतो तेवढ्यात काकी आली.

"संज्या, जरा घरी चल. शिडी धरायची हाय."

"कशाला?"

"ताटं वर हायत पोटमाळ्यावर. एकच खाली ठेवलं होतं. बाकीची रोज बघून काय करायचं?"

तिच्या स्वयंपाकघरात मी शिडी धरली. ती वर गेली आणि जुन्या चादरीत बांधलेलं गाठोडं माझ्या हातात दिलं. मी गाठ सोडली, दोन ताटं काढून धुवायला ठेवली आणि बाकीची परत बांधायला लागलो.

"तीन काढ," काकी शिडीवरूनच म्हणाली. "दोन वर्षांत तू पण जेवला नायस माझ्याकडं."

समोरासमोर दारं आमची. मी तिसरं ताट काढलं, आणि मला तिच्याकडे वर बघवेना.