हयात पूर्वज

घरात मान मिळवायला माणसाला एकच अट पूर्ण करावी लागते, ती म्हणजे मरणे. नाम दिन्ह गावच्या ख्वात आजोबांच्या हे वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी लक्षात आले. म्हणजे तसे उशिराच.

त्या दिवशी त्यांच्या वडिलांचे श्राद्ध होते. देव्हाऱ्यात वडिलांच्या फोटोपुढे अख्खी उकडलेली कोंबडी, चरबीने लकाकणारे डुकराचे मांस, लालभडक चिकट भात आणि तांदळाची दारू असा थाट होता. उदबत्त्यांच्या वाडग्यात एक पेटवलेली सिगारेटही खोचली होती. शिवाय जाळून वर पाठवायला कागदी मोटरसायकल होती (हेल्मेटसकट, वर गेले म्हणून कायदा सुटत नाही). ख्वात आजोबांपुढे मात्र बिनमिठाची पेज आली.

"डॉक्टरांनी सांगितलंय, बाबा," सून न्यान म्हणाली.

"आणि त्यांना नाही सांगितलं?" आजोबांनी फोटोकडे बोट केले.

"अहो, ते गेलेत!"

बरोबरच होते. गेलेल्या माणसाला पथ्य नसते. त्याची साखर वाढत नाही, आणि 'तुम्हाला नाही कळायचं त्यातलं' असे त्याला कोणी म्हणत नाही. गेल्या वर्षी घरातले सगळे मोठे निर्णय देव्हाऱ्यापुढे नाणी उडवून, मृतांना विचारून झाले होते. हयात ज्येष्ठांपैकी (संख्या एक) कोणालाही विचारले गेले नव्हते.

आजोबांनी पेजेचे वाडगे बाजूला सारले आणि जाहीर केले, "आजपासून मी गेलो."

देव्हाऱ्यात लावायचा त्यांचा फोटो तयारच होता. गाल भरलेले असतानाच तो काढून ठेवायचा, ही त्या गल्लीतली रीत. आजोबांनी तो स्वतःच्या हाताने बायकोच्या फोटोशेजारी लावला. तिने हरकत घेतली नाही (हयात असती तर घेतली असती).

मुलगा थुआन सरकारी कचेरीत कारकून. तो चिडला नाही, रडला नाही. एवढेच म्हणाला, "ठीक आहे, बाबा. पण मग सगळं रीतसर हं!"

दुसऱ्याच दिवशी पौर्णिमा होती, नैवेद्य झाला. आजोबांच्या आवडीचे चरबीदार मांस, वर कुरकुरीत कातडी. आजोबा धुतलेला झब्बा घालून स्वतःच्या फोटोखाली दिवाणावर बसले होते. ताट समोर आले. कित्येक वर्षांनी तोंडाला असे पाणी सुटले होते. त्यांनी हात पुढे केला.

"अगंबाई! उदबत्ती तर लागू द्या!" न्यानने ताट मागे ओढले.

उदबत्ती लागली. पूर्वज जेवतात ते वासाने, हे ख्वात आजोबांना माहीत नव्हते असे नाही. जन्मभर त्यांनीच नैवेद्य दाखवले होते. फक्त ताटाच्या या बाजूला ते कधी बसले नव्हते.

उदबत्ती विझत आल्यावर थुआनने 'पोट भरलं का?' हे विचारायला रीतीप्रमाणे दोन नाणी उडवली. एक उलटे, एक सुलटे पडले, म्हणजे होकार.

"झालं! बाबा तृप्त झाले."

"अरे, कोण तृप्त झालं? मी इथे वखवखलोय!"

"पूर्वज बोलत नसतात, बाबा."

ताट उचलले गेले. आतून मिटक्यांचे आवाज येऊ लागले. "वा! आज काय झालंय मांस! बाबांचाच आशीर्वाद," थुआन म्हणाला. आजोबांनी पेज मागितली, तर पेज हयातांसाठी असते असे कळले. भरपाई म्हणून अंगणात त्यांच्या नावाने कागदी फोन जाळण्यात आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबांनी शरणागती पत्करली. "मला परत यायचंय."

"असं मधूनच? वडीलधाऱ्यांना विचारायला नको?" थुआनने नाणी पुढे केली.

आजोबांनी वडिलांच्या फोटोपुढे नाणी उडवली. दोन्ही सुलटी पडली. म्हणजे पूर्वज हसताहेत. पुन्हा उडवली, पुन्हा दोन्ही सुलटी.

आजोबा फोटोकडे बघत राहिले. शेवटच्या आजारात वडिलांनी त्या कुरकुरीत कातडीचा एवढासा तुकडा मागितला होता. "डॉक्टरांनी सांगितलंय, बाबा," असे ख्वातच तेव्हा म्हणाले होते, आणि गेल्यावर दर वर्षी अख्खे ताट दाखवत आले होते. त्यांना फार वाईट वाटले.

"हसा, बाबा, हसा," ते म्हणाले. "तुमचा हक्कच आहे."

तिसऱ्या खेपेला होकार मिळाला. न्यानने लगेच पेज आणून ठेवली. बिनमिठाचीच.

वाचकहो, तुम्हीही खुशाल हसा. मात्र आज तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या ताटात काय वाढले होते ते आठवा, आणि वाढताना तुमची मुले जवळपास होती का, तेही. होती ना? मग वेळ घालवू नका. गाल भरलेले आहेत तोवर फोटो काढून घ्या.