उत्तर उद्या आठनंतर

आमच्या विजय नगरात गजभियेजींना इंग्रजीतला कुठलाही प्रश्न विचारा, ते आधी तुमचं नाव रजिस्टरमध्ये लिहितात. मग तारीख, मग प्रश्न, मग क्रमांक. जन्मभर सरकारी फॅक्टरीत आवक-जावक सांभाळलेला माणूस, रिटायर झाला तरी खोड गेली नाही. 'सिन्स' कुठे आणि 'फॉर' कुठे, एवढं साधं विचारलं तरी उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठनंतर. ते घेतलं की रजिस्टरमध्ये 'उत्तर मिळाले' लिहून सही करायची. कोणी कुरकुरलं तर म्हणतात, "घाई काहून करून राहिला भैया? इंग्रजी कुठं पळून नाही चालली."

आता माझं ऐका. मी इंग्रजीची एम.ए. बावीस वर्षं शाळेत तेच शिकवते. राहते त्यांच्या भिंतीला भिंत लावून. पण संध्याकाळी व्हरांडा भरतो तो त्यांचा. इंटरव्ह्यूची तयारी करणाऱ्या मुली, शेजारच्या गल्लीतले दुकानदार, आणि एके दिवशी तर त्या रांगेत खुद्द माझा नवरा! ऑफिसच्या पत्रात 'मच' लिहू की 'मेनी', एवढ्यासाठी.

"घरात एम.ए. बसली आहे, तिला नाही विचारता आलं?" मी घरी आल्यावर विचारलं.

"तुला विचारलं का उत्तर मिळते," तो म्हणाला, "पण आधी 'एवढंही येत नाही?' मिळते."

माझा नुसता जळफळाट झाला. दुसऱ्याच दिवशी फाटकावर पाटी लावली: 'इंग्रजी शंका. उत्तर ताबडतोब.' कोणावर खेकसायचं नाही अशी शपथ घेतली आणि वर पोहे ठेवले. शपथेचा असो की पोह्यांचा, पंधरा दिवसांत गुण आला. सगळी रांग माझ्या दारात.

मग एका सकाळी वाटीभर पोहे घेऊन त्यांच्याकडे गेले. खरं सांगते, पडलेला चेहरा बघायला गेले. ते व्हरांड्यात पाठमोरे बसले होते. फोन स्पीकरवर होता.

"पप्पा, आज कितने सवाल?" बाईचा आवाज आला.

"आज बी एकही नाही बेटा."

"अच्छा. दवा ली ना? चलो, रखती हूँ. ड्यूटीवरून थकून आले मी."

फोन बंद झाला. समोर रजिस्टर उघडं होतं आणि पान कोरं.

मला पाहून ते चोरी पकडल्यासारखे हसले. "मला कुठं इंग्रजी येते मॅडम? सगळी उत्तरं पोरीची. कॅनडात नर्स आहे ती, ड्यूटी संपली का आपल्या सकाळी फोन करते. तिची आई गेली तेव्हापासून आमच्याजवळ बोलायला विषयच नाही राहिला. तब्येत विचारली का बात खतम. पण प्रश्न असला का अर्धा घंटा समजावते. हसते. रागावते बी माझ्यावर."

त्यांचं बिंग माझ्या हातात होतं. कॉलनीत एकदा बोलले असते की संपलं. पण मला त्यांचा आणखीच हेवा वाटला. माझा मुलगा पुण्यात आहे. त्याने एम.ए. झालेल्या आईशी अर्धा तास बोलल्याचं मला आठवत नाही.

संध्याकाळी पाटी काढली. पोह्यांसाठी जमलेल्या सगळ्यांना घेऊन त्यांच्या व्हरांड्यात गेले आणि सर्वांसमोर विचारलं, "गजभियेजी, 'सी' आणि 'वॉच' यांत फरक काय हो?"

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. नवऱ्याचा वासलेला आ तसाच राहिला. गजभियेजींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी रजिस्टर ओढलं, माझं नाव लिहिलं आणि नावापुढे नीट 'एम.ए.' लिहिलं.

"घाई तर नाही ना मॅडम?"

"अजिबात नाही. उद्या आठनंतर येते."

सकाळी भिंतीपलीकडून त्यांचं हसणं ऐकू येत होतं. मी चहा निवेपर्यंत ऐकत बसले. साडेआठला गेले, तर त्यांनी मोठ्या ऐटीत, हातवारे करून मला फरक समजावला. सांगता सांगता अर्धं उलटंपालटं झालं होतं. मी पेन मागितलं, 'उत्तर मिळाले' लिहिलं आणि खाली सही केली.